गाऱ्हाण्यात न आलेली बाग

काजूचा वास लपवता येत नाही. फेब्रुवारी उलटला की पेडण्याहून सुटणाऱ्या बसमध्ये कोणी ना कोणी पायाशी पिशवी ठेवून बसलेलं असतं. वर कितीही वर्तमानपत्रं दाबली तरी म्हापसा यायच्या आत साऱ्या बसला कळतं की पिशवीत बोंडू, म्हणजे काजूची फळं, आहेत. गोड, आंबूस, घशात जरा खवखवणारा वास. कोणाला तो सुगंध वाटतो, कोणाचं डोकं उठतं. मी डिचोलीकडे नर्स आहे, तेव्हा वासांच्या बाबतीत मी हळवी असणं परवडणारं नाही. पण हा एक वास आला की माझी मान आपोआप खिडकीकडे वळते आणि झाडांचे शेंडे कुठल्या दिशेला कललेत ते मी बघते. ही सवय मला एका उन्हाळ्याने लावली. तिला बरीच वर्षं झाली, पण सवय काही गेली नाही.

आमचं घर कोरगावला, डोंगराच्या पायथ्याशी. घराभोवती आजोबांच्या वेळची काजूची झाडं, फांद्या जमिनीला टेकलेल्या, म्हाताऱ्या माणसांनी हात टेकून बसावं तशा. घरामागे व्हाळ, डोंगरातून येणारा ओढा. पावसात तो असा गर्जायचा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. शिमग्यापर्यंत त्यात नुसते पांढरे गोटे उरत. आजोबांची जमीन त्या व्हाळाच्या काठाशी संपायची. व्हाळापलीकडचा उतार आई-बाबांनी लावलेला. बाबांनी खड्डे मारले, आईने पावसाळ्यात रोपं लावली आणि पहिले उन्हाळे डोक्यावरून पाणी नेऊन ती जगवली. मी आणि आई कळशा घेऊन व्हाळ ओलांडायचो, तेव्हा मला ती रोपं माझ्या वाट्याचं काम वाढवणारी भावंडंच वाटायची.

बाबा सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणीतून माल भरायचा, नदीकाठी नेऊन ओतायचा, परत खाणीत. शनिवारी संध्याकाळी घरी यायचे ते डोक्याच्या केसांपासून चपलांपर्यंत तांबडे होऊन. त्यांचे कपडे आई आमच्या कपड्यांत मिसळत नसे. वेगळ्या बाल्दीत भिजवायची. सदरा बुडवला की पाणी विटेच्या रंगाचं होई, ते ओतून दुसरं घेतलं तरी तसंच, तिसरंही तसंच. बाबा खोकायचे. रुमालावरही तोच रंग यायचा. म्हापशाच्या डॉक्टरांनी त्यांना सरळच सांगितलं होतं की ही धूळ सोडा, औषधाने धूळ जात नाही. बाबांनी आईला सांगितलं, व्हाळापलीकडची बाग धरली की सोडतो. त्यानंतर घरात त्या बागेबद्दल कोणी फारसं बोलत नसे. फार वाट बघत असलेल्या गोष्टीबद्दल आमच्याकडे बोलत नाहीत.

मी जो मोसम सांगते आहे त्या वर्षी ती बाग पहिल्यांदा खऱ्या अर्थाने मोहरली. थंडीत सकाळी व्हाळाच्या काठावर उभं राहिलं की पलीकडून मोहराचा वास यायचा, आणि आई उभी राहून तो घ्यायची. जणू दुसऱ्याच्या घरातलं जेवण शिजताना वास घेतोय.

बोंडू उतरायला लागायच्या आधी राखणदाराला राखण द्यायची ही आमच्या वाडीची रीत. राखणदार म्हणजे हद्द सांभाळणारा देव. त्याला देऊळ नाही, वडाखाली एक उभा दगड आहे. तो रात्री हातात काठी घेऊन आपली हद्द फिरतो अशी समजूत, म्हणून त्याला रोट, नारळ, विडीकाडी ठेवायची. आणि मग गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी केलेलं मोठ्याने बोलणं. कुटुंबातल्या थोरल्याने एक एक वाक्य म्हणायचं आणि बाकीच्यांनी त्याला होकार द्यायचा. आमच्याकडे हा मान आबाकाकांचा, बाबांच्या थोरल्या भावाचा. आवाज खणखणीत, आणि देवाशी बोलताना चेहरा असा की मामलेदाराशी बोलताहेत.

"बा देवा राखणदारा, आज तुझ्या लेकरांनी जी काय राखण दिल्यानी हा, ती गोड करून घे," आबाकाका म्हणाले.

"होय महाराजा," आम्ही म्हणालो.

"वडाच्या मुळापासून खालच्या बांधापर्यंत, बांधापासून बावडेपर्यंत, बावडेपासून व्हाळाच्या काठापर्यंत जां काय आसा, तां तुजां. तां तू राख."

"होय महाराजा."

"गोठ्यातली गुरां, झाडावरची फळां, वाटेवरची माणसां सांभाळ. आणि काय चुकलां-माकलां आसात, सांगूचां रवलां आसात, तां सांगलेलां समज."

"होय महाराजा."

नारळ फुटला. आणि माझ्या शेजारी उभ्या आईचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला. व्हाळाच्या काठापर्यंत. काठापर्यंतच. पलीकडच्या बागेचं नाव आलंच नव्हतं. आबाकाकांनी आजोबांकडून ऐकलेलं गाऱ्हाणं जसंच्या तसं म्हटलं होतं, आणि आजोबांच्या वेळी पलीकडे बाग नव्हती.

आता थोरल्या दिरांशी आई कधी तोंड उघडून बोलत नसे. त्या काळी आमच्याकडे कोणीच बोलत नसे. बोलायचं असलं की मधे एखादं मूल लागे. त्या दिवशी ते मूल मी होते. तशी पंधरा वर्षांची घोडी झाले होते, पण दोघांच्या मधे उभी राहायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"बाय गे," आई माझ्याकडे बघत, पण काकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "इचार तुज्या काकांक, व्हाळापलीकडची बाग कोणाची ती?"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सांग तुज्या आवशीक, चूकभूल म्हटलंय मी. त्या चूकभुलीत सगळां इलां."

"सांग काकांक, चूकभुलीत उरलांसुरलां घालतत. चेडवाच्या बापसाचो जीव घालीत नाय."

चेडू म्हणजे मी, तिची मुलगी. काका जरा वरमले. पण देवाधर्माच्या बाबतीत माघार घ्यायची त्यांना सवय नव्हती. "नारळ फुटलो, रोट वाटून झालो. आता परत हाक मारली तर तो म्हणतलो, ह्यांका काय दुसरो धंदो नाय?"

मी तोंड उघडायच्या आत आईने पदर खोचला. "बरां. देवाक सांगूचां रवलां तर रवलां. घरात दाताळां तरी आसा मा."

आणि ती खरोखरच दाताळं घेऊन व्हाळ ओलांडून गेली. दाताळं म्हणजे पालापाचोळा ओढायचं लांब दांड्याचं, दातांचं अवजार. काजूखालची जमीन सगळेच झाडतात, पडलेला बोंडू दिसावा म्हणून. पण आई झाडत होती ती बागेची वरची कड, जिथे बाग संपते आणि डोंगराचं सुकं गवत सुरू होतं. तिथे बोंडू पडण्याचा संबंध नव्हता. ती रोज सकाळी भाकऱ्या झाल्या की वर जायची आणि गवत उपटायची, पाला ओढायची, नुसती तांबडी माती दिसेपर्यंत. हळूहळू बागेच्या डोक्यावर एक रुंद उघडा पट्टा तयार झाला, लांबून रस्ता वाटावा असा. वाडीतल्या बायका हसायच्या. कोणी म्हणालं, देवाला गाडी घेऊन यायची आहे वाटतं. आईच्या मते तो भाग कोणाच्याच राखणीत नव्हता, म्हणून तो तिच्या राखणीत होता.

मोसम सुरू झाला. सकाळी दव असतानाच आम्ही टोपल्या घेऊन जायचो. बांबूच्या काठीला पुढे खिळा, तो बोंडूत टोचायचा, टोपलीत झटकायचा, वाकायचं नाही. लाल बोंडू जास्त गोड की पिवळा, यावर दरवर्षी भांडण. बी पिरगळून काढताना बोंडूचा रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे, आणि त्याचे डाग फ्रॉकवर असे बसत की पुढच्या मोसमापर्यंत सोबत करत. ओल्या बिया सोलून हातांची सालं जायची. चीक लागून बोटं काळी पडत, आणि शाळेत कोण काजूवाल्यांचं पोर ते हात बघूनच ओळखू येई. संध्याकाळी बोंडू डोंगरापलीकडे सावित्रीमावशीकडे जायचे. मावशी म्हणजे आईची मैत्रीण, माहेर दोघींचं एकाच गावचं. तिच्या घराशी फेणीची भट्टी होती आणि घरामागे स्वतःची काजूची झाडं. भट्टीवरच्या वाफेचा तो उग्र गरम वास, ओल्या लाकडांचा धूर, आणि मावशीचं सतत चाललेलं बोलणं, हे तिन्ही माझ्या डोक्यात एकच होऊन बसलंय.

आणि मग तो दिवस. सकाळची भाकरी झाली होती, पदेराची सायकल पाव देऊन कधीच पुढे गेली होती. डोंगराच्या माथ्यामागून धूर वर आला. आधी वाटलं मावशीची भट्टी. पण भट्टीचा धूर सरळ वर जातो. हा आमच्याकडे कलत होता. पूर्वेचा वारा होता, सकाळचा, घाटाकडून उतरणारा. कोणी शेताच्या मेरेचा पाला जाळला होता म्हणे, कोणी म्हणे विडी. ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कळून काही उपयोगही नव्हता. सुकं गवत पेटलं होतं आणि वारा त्याला डोंगरावरून आमच्या बागेच्या दिशेने ढकलत होता.

माणसं धावली. सगळ्यांच्या हातात ओल्या फांद्या. आई पुढे होती, पदर डोक्याला बांधून. मीही गेले. आग टीव्हीवर दिसते तशी नसते. ती आधी ऐकू येते. हजार माणसांनी एकदम सुकी पानं चुरगळावीत तसा आवाज. मग तोंडावर गरम फुंकर बसते आणि डोळे बंद होतात. गवत जळत खाली उतरत होतं. कडेला आलं, आईच्या पट्ट्यापाशी, आणि थांबलं. जळायला तिथे काही नव्हतं, नुसती माती होती. पण वाऱ्याबरोबर ठिणग्या पट्टा ओलांडून उडत होत्या, आणि जिथे पडत तिथे आम्ही फांद्या आपटत होतो. एक विझवली की दोन. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. हात दुखेनासे झाले, एवढं आठवतं. एका झाडाचा खालचा पाला पेटला तेव्हा आईने तो हाताने ओढून काढला.

मला कोणीतरी पाणी आणायला खाली पिटाळलं. व्हाळात आबाकाका उभे होते. पायाला संधिवात, वर चढता येत नव्हतं. त्यांच्या हातात ना नारळ ना रोट. ते वर बघून ओरडत होते, खणखणीत आवाज पार फाटला होता.

"व्हाळापलीकडची बाग, देवा. माज्या भावाची बाग. तीय तुजीच. ती राख."

होकार द्यायला तिथे कोणी नव्हतं. गाऱ्हाण्याला होकार आला नाही तर ते अर्धं राहतं, हे मला माहीत होतं. म्हणून कळशी काखेत घेऊन, धापा टाकत, मीच म्हटलं, "होय महाराजा."

मी पाणी घेऊन वर पोचले तेव्हा काहीतरी बदललं होतं. आधी मला कळेना काय. मग कळलं, धूर डोळ्यांत येत नाही. माझी पाठ गार पडत होती. वारा समुद्राकडून सुटला होता. हरमलच्या किनाऱ्यावरून निघालेला, मिठाचा वास असलेला वारा आमच्या पाठीमागून डोंगर चढत होता. ज्वाळा एकदा उभ्या राहिल्या, जणू कोणी हाक मारली म्हणून, आणि मागे वळल्या. मागे त्यांना खायला काही उरलं नव्हतं, सगळं त्यांनीच जाळलं होतं. थोड्या वेळात नुसता धूर उरला, आणि त्या धुराच्या कडेला आमची बाग. पानं करपलेली, पण उभी.

आम्ही खाली उतरलो. आबाकाका व्हाळातल्या एका गोट्यावर बसले होते, खांद्यावरचा पंचा तोंडाला लावून. आईला बघून उठले. आणि माझ्याकडे न बघता, सरळ तिला म्हणाले, "चुकलंय मी. बागेचां नाव घेवक इसारलंय."

आईचं तोंड काळं झालं होतं, भुवया जळल्या होत्या. मी मधे उभी राहायला पुढे सरकले. तिने मला हाताने बाजूला केलं.

"भावोजी," ती म्हणाली, "तुमका इसरवलां कोणी?"

काकांनी पंचा खांद्यावर टाकला.

"तुमी नाव घेतलां असतां, तर मी गप घरात बसलंय असतंय. दाताळां घेवन वर कोण गेलां असतां?"

लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी बोललेली ही पहिली वाक्यं. पुढे ती दोघं बोलायला लागली. आमच्या घरात मुलांना मधे उभं करणं त्या दिवसापासून बंद झालं, हाही त्या आगीचा एक फायदा.

मला मात्र चैन पडेना. शाळेत मी खारे वारे आणि मतलई वारे शिकले होते. जमीन लवकर तापते, समुद्र उशिरा, म्हणून दिवस वर आला की वारा समुद्राकडून येतो. आईच्या हातांना खोबरेल लावताना मी तिला सगळं समजावून सांगितलं. हा वारा रोजच येतो. काल आला, उद्याही येईल. यात देवाचं काय?

"मग?" आई म्हणाली. "पाव रोज येता म्हणान पदेर नाय असां जाता?"

आपण एरवी उलटं समजतो. जे कधी घडत नाही ते एकदाच घडलं की हात जोडतो, आणि जे रोज न चुकता घडतं त्याला सवय म्हणून मोकळे होतो. आईचा हिशेब सरळ होता. एखादा माणूस एकदाच मदतीला धावून आला तर तो चांगला. पण रोज त्याच वेळेला दारात येऊन उभा राहतो, आपण झोपलेलो असलो तरी, त्याला काय म्हणायचं? पाव पोचवणारा दिसत नाही, सायकलची घंटा तेवढी ऐकू येते. तिला घंटा पुरायची.

आबाकाकांचं मत वेगळं होतं. ते शेवटपर्यंत म्हणायचे की मी नाव घेतलं, चेडवाने होकार दिला, आणि वारा फिरला. आई म्हणायची की ते विसरले तिथेच बाग वाचायला सुरुवात झाली. मी म्हणायची जमीन तापली. तिघांचीही बाग एकच होती, म्हणून भांडण कधी पेटलं नाही.

पण एक गोष्ट मला तेव्हाही टोचत होती, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. सावित्रीमावशीची झाडं डोंगराच्या पलीकडे होती. आग तिथूनच आली. समुद्राचा वारा सुटायच्या आधीच तिची झाडं गेली होती. घर आणि भट्टी वाचली, झाडं काळे खांब होऊन उभी होती. मी आईला विचारलं, "वारो आमच्यासाठी येळार इलो, मग मावशीसाठी उशिरा कित्याक?"

आई चुलीपाशी होती. बराच वेळ तिने लाकडं पुढे-मागे केली.

"माका म्हायत नाय," ती म्हणाली.

मग उठली. "आमची बाग राखल्यान ती काय आमका एकट्याक खावक? चल, टोपली घे."

आम्ही डोंगर ओलांडून गेलो. पायाखाली राख अजून कोमट होती. मावशी ओसरीवर बसली होती, आणि पहिल्यांदाच गप्प होती.

"माका कोणाची दया नको गो," आम्हाला बघून ती म्हणाली.

"दया कसली?" आईने टोपली खाली आपटली. "तुजी भट्टी थंड पडली, माझे बोंडू सडतत. दोघांचांय नुकसान कित्याक? हातभर मोठ्या बाता मारतंस आणि बोंडू येचूक बोलयलां की कंबर दुखता."

"माजी कंबर तुज्यापेक्षा बरी आसा."

"मग दाखव."

मावशीने दाखवली. त्या मोसमाचे उरलेले बोंडू दोन्ही घरांनी मिळून वेचले, रस काढायला मिळून मळले, आणि जे आलं ते दोन्ही घरांत गेलं. पावसाळा लागला तेव्हा आईने आमच्याच बागेतल्या चांगल्या झाडांच्या बिया निवडून मावशीकडे नेल्या आणि दोघींनी खड्डे मारले. पाणी घालायला मला पुन्हा डोंगरापलीकडे जावं लागलं, भावंडं वाढली म्हणून मी कुरकुरलेही. त्या झाडांना आता असे बोंडू लागतात की मावशीची नातवंडं आम्हाला पाठवतात.

मी नर्स झाले आणि दोन वाक्यं रोज ऐकू लागले. बरा होऊन घरी जाणाऱ्याचे नातेवाईक म्हणतात, देवाने वाचवलं. सुरुवातीला मला राग यायचा. सलाईन मी लावलं, रात्रभर जागले मी, आणि श्रेय कोणाला? आता नाही येत. सलाईन, बरोबर सापडलेली शीर, त्या दिवशी वेळेवर सुरू झालेली गाडी, घाबरून का होईना पण शेजारणीने मारलेली हाक, या सगळ्यांतून देवाला वेगळा काढून त्याच्यासाठी निराळी खुर्ची मांडायची गरज मला वाटत नाही. आईनेही ती मांडली नव्हती. तिचा देव दाताळ्यात होता, काकांच्या विसरण्यात होता, आणि दुपारच्या वाऱ्यातही.

दुसरं वाक्य कठीण. ज्यांचं माणूस जातं ते विचारतात, आमच्याच वाट्याला का? तिथे मी कुठलंही तत्त्वज्ञान सांगत नाही. ज्यांना ते सुचतं त्यांची मला भीती वाटते. मला माहीत नाही, एवढं म्हणते, आणि मग चहा आणते, किंवा गावी फोन लावून देते, किंवा लहान पोर असेल तर त्याला कडेवर घेऊन बाहेर फिरवते. आईही आधी "माका म्हायत नाय" म्हणाली आणि मग "चल, टोपली घे"; त्यातलं पहिलं खरं ठेवायला दुसरं लागतं.

आग लागली त्या आठवड्याच्या शनिवारी बाबा आले. बसमधूनच त्यांना डोंगराचा काळा माथा दिसला होता. स्टॉपवरून ते घरी न येता सरळ व्हाळ ओलांडून वर गेले, सुर्ल्याची तांबडी धूळ अंगावर घेऊनच. बऱ्याच वेळाने खाली आले. आईच्या पोळलेल्या हातात त्यांनी एक बोंडू ठेवला, मोठा, लाल, न करपलेला. आई म्हणाली, "ह्यो टोपलेत घाला, उगाच वाया कित्याक?" तेवढंच.

पाऊस संपल्यावर बाबांनी ट्रक सोडला. दिवाळीच्या आसपासची गोष्ट असावी. मी पाणी शेंदत होते आणि आई न्हाणीपाशी कपडे धूत होती. तिने बाबांचा सदरा बाल्दीत बुडवला, पिळला, आणि थांबली. मला हाक मारली. मी गेले तर ती बाल्दीत बघत होती. पाणी मळलेलं होतं, कोणाही शेतकऱ्याच्या सदऱ्याचं व्हावं तसं. तांबडं नव्हतं. "ओत आता," ती म्हणाली, आणि त्यानंतर बाबांचे कपडे आमच्या कपड्यांत धुतले जाऊ लागले. खोकला पुरता कधी गेला नाही, पण त्यांच्यापुढे चालायला लागला नाही. ते भरपूर जगले. शेवटची अनेक वर्षं त्यांचा मुख्य उद्योग म्हणजे व्हाळाच्या काठावर बसून पलीकडच्या झाडांना नावं ठेवणं.

पुढच्या वर्षी राखण द्यायची वेळ आली तेव्हा आबाकाका तयारीने आले होते. बागेचं नाव सगळ्यांत आधी घ्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. आईने त्यांना अडवलं, आता सरळच.

"भावोजी, ती बाग सांगा नको. थंय वायच गप रवा."

"आणि?"

"आणि मी झाडतंय."

काकांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी केलं. व्हाळाच्या काठापर्यंत आले आणि थांबले. एक श्वासभर सगळे गप्प. मग आम्ही त्या गप्प जागेलाही म्हटलं, होय महाराजा. तेव्हापासून आमच्या घरची ही रीत झाली. बाकी सगळं देवाच्या कानावर घालायचं, एक जागा मुद्दाम मोकळी सोडायची, आणि ती आपल्या हाताने झाडायची.

यंदा राखणीला मी रजा काढून गेले. आबाकाका नाहीत, बाबाही नाहीत. गाऱ्हाणं आता काकांचा मुलगा सुरेश घालतो. त्याचा आवाज काकांसारखा नाही, मधेच मोबाईल वाजतो, पण व्हाळाच्या काठापाशी तो बरोबर थांबला. एक श्वासभर. मुंबईहून आलेल्या त्याच्या सुनेला वाटलं तो विसरला, तिने हळूच कोपराने ढोसलं. आम्ही म्हणालो, होय महाराजा.

आईला यंदा वर चढता आलं नाही. गुडघे संपले. तिने दाताळं माझ्या हातात दिलं, दांडा तिच्या हातांनी गुळगुळीत झालेला, आणि व्हाळाच्या काठावर बाबांच्या जागी जाऊन बसली. मी एकटी वर गेले. बागेची कड पुन्हा गवताने भरली होती. गेली कित्येक वर्षं मी फक्त सुट्टीला येऊन बोंडू खाणारी, माझ्या कंबरेला हे काम माहीत नव्हतं. पाला ओढायला लागले. सकाळचा पूर्वेचा वारा तोंडावर धूळ उडवत होता. दिवस वर आला तसा तो पडला, पानही हलेना. घाम डोळ्यांत जाऊ लागला. एकदा वाटलं पुरे, गवत कापायचं यंत्र भाड्याने मिळतं. पण माती दिसायला लागली होती, तांबडी, स्वच्छ, आणि अर्धवट सोडवेना.

खालून आईने हाक मारली. आवाज बारीक झालाय, पण कानावर येतो.

"झाडलंस गे?"

"झाडतंय."

"वारो इलो?"

मी मान वर केली. सवयीने झाडांचे शेंडे बघितले. स्थिर होते.

"येतलो," मी म्हटलं, आणि पुन्हा वाकले.

दाताळ्याचे दोनचार फेरे झाले असतील. पाठीला काहीतरी गार लागलं.